‘सावकारी पाश’ : दिसलेले आणि न दिसलेले

मूकपटातील राजकारण कोठे शोधावे, या प्रश्नाचे एक उत्तर मद्रासने, म्हणजे आजच्या चेन्नईने, फार लवकर दिले. १९१८ च्या कायद्यान्वये १९२० साली येथे चित्रपट-परीक्षण मंडळ स्थापन झाले आणि त्याची सूत्रे पोलीस आयुक्तांकडे आली. पुढे कोहिनूर फिल्म कंपनीच्या ‘भक्त विदुर’ (१९२१) या पौराणिक चित्रपटाला कराचीप्रमाणे मद्रासमध्येही बंदी झाली. विदुराच्या अंगावर खादी आणि डोक्यावर गांधी टोपी होती. सत्तेला तेवढी खूण पुरली.

परंतु राजकीय आशय दर वेळी टोपी घालून येतो असे नाही. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली काढलेला ‘सावकारी पाश’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. कथा नारायण हरी आपटे यांची. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांची. खोट्या कागदाच्या बळावर सावकार जमीन गिळतो आणि भूमिहीन शेतकरी शहरातील गिरणीची वाट धरतो. या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. मात्र अंधुक प्रकाशातील झोपडी आणि रडणारा कुत्रा हे त्यातील दृश्य पाहणाऱ्यांच्या स्मरणात दीर्घकाळ राहिले.

या कथेमागे पन्नास वर्षांचा इतिहास उभा आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. त्यांचा मुख्य रोष वह्या व कर्जरोख्यांवर होता. ते त्यांनी जाळून टाकले. हा उठाव अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. त्यानंतर १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयांना रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. कागद पुरावा असला तरी तेच सत्य नव्हे, ही गोष्ट सरकारनेच मान्य केली होती.

मग चित्रपटाने काय दाखवले आणि काय वगळले? साऱ्या दुष्टपणाचा भार त्याने एकट्या सावकारावर टाकला. करुणरसाला खलपुरुष हवा असतो, हे खरे. पण त्यामुळे रोखीने भरावयाचा सारा, त्याची ठराविक मुदत आणि रोख्याला जोर देणारा दिवाणी हुकूमनामा हे आरोपातून सुटले. तथापि पौराणिक चमत्कारांच्या त्या काळात या कथेने देवाला धावून आणले नाही. शेतकऱ्याचा नाश दैवाने नव्हे, माणसाने लिहिलेल्या कागदाने झाला, हे तिने स्पष्ट केले. ही कामगिरी थोडी नव्हे.

आपल्यापैकी अनेकांचे आयुष्य दप्तर, दाखले आणि हुकूम यांतच जाते. अशा वाचकाने ‘सावकारी पाश’कडे केवळ सावकाराची निंदा म्हणून पाहू नये. कागदावर शिक्का उमटवणारा हात त्या कथेत पुढे येत नाही, एवढ्यावरून तो निर्दोष ठरत नाही.