बिननावाच्या चिताऱ्यांचा वारसा



जुन्या गोव्यातील संत फ्रान्सिस आसिसीच्या चर्चला लागून असलेल्या मठात १९६४ पासून भारतीय पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर पोर्तुगीज गव्हर्नरांची व व्हाइसरॉयांची साठाच्या आसपास चित्रे ओळीने लावलेली दिसतात. कोण कोणत्या साली आला आणि कधी गेला, हे सारे तेथे नोंदलेले आहे. मात्र ही चित्रे कोणी काढली, असा प्रश्न त्या दालनात क्वचितच कोणी विचारतो.

या चित्रमालेचा आरंभ १५४७ मध्ये दों जुआंव द काश्त्रु या गव्हर्नराने केला. पूर्वीच्या अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष पाहिलेला इतिहासकार गास्पार कोर्रेया याने आराखडे दिले आणि रंगकाम मात्र एका स्थानिक चिताऱ्याने केले, असे कोर्रेयाच्याच लेखनावरून समजते. त्या चिताऱ्याचे नाव त्याने दिलेले नाही. पुढे दमट हवेने फळ्या खराब होत गेल्या, तसतसे जुन्या रंगावर नवे रंग चढत गेले. राज्य करणाऱ्यांचे चेहरे राहिले. ते रंगविणाऱ्याचा मूळ हातही झाकला गेला.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. रोममधील कासानातेन्से ग्रंथालयात १८८९ क्रमांकाची एक चित्रपोथी आहे. १५४० च्या सुमारास एका भारतीय चित्रकाराने काढलेली सत्तराहून अधिक जलरंगातील चित्रे तीत असून, त्यांवरील टिपा पोर्तुगीज भाषेत आहेत. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून चीनपर्यंतचे लोक तीत आहेत. आणि त्यांच्याबरोबर गोव्याचे शेतकरी, धोबी, सोनारही आहेत. सोळाव्या शतकातील गोवेकर माणूस कसा दिसत होता, हे पाहण्यासाठी आज आपल्याला रोमची वाट धरावी लागते. आणि या चित्रकाराचेही नाव अज्ञातच आहे.

जे चित्रांचे, तेच पोथ्यांचे. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची स्थापना १८३२ ची. आज ते ‘कृष्णदास शामा’ या नावाने ओळखले जाते. हा कवी केळशीचा. त्याने १५२६ मध्ये मराठी ओव्यांत कृष्णचरित्र रचावयास घेतले. परंतु त्या काळातील आपल्या कथावाङ्मयाच्या रोमी लिपीतील प्रती आढळल्या त्या पोर्तुगालमधील ब्रागाच्या ग्रंथालयात! नाव पणजीच्या दारावर आणि अक्षरे ब्रागाच्या कपाटात, अशी ही स्थिती आहे.

तेव्हा जे उचलून नेता येण्याजोगे होते, ते असे दूर गेले. जे उचलता येत नव्हते, त्याचे काय झाले? सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या महालांतील देवळे पाडली गेली. त्यांच्या भिंतींबरोबर तेथील चित्रेही गेली असली पाहिजेत. सप्तकोटेश्वराने दिवाडी बेट सोडून नदीपलीकडे डिचोली महालातील नार्वे गाठले. तेथील देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी करविला. डिचोली पोर्तुगीजांच्या हाती गेली १७८१ मध्ये, तर पेडणे १७८८ मध्ये. तोपर्यंत देवळे पाडण्याचे धोरण मागे पडले होते. म्हणून या दोन महालांत जुनी देवळे राहिली आणि देवळांबरोबर कावीची कलाही राहिली.

ही कावीची कला म्हणजे काय? शिंपल्यांचा चुना, वाळू आणि गूळ एकत्र मुरवून, कुटून भिंतीला पांढरा गिलावा करीत. त्यावर तांबड्या मातीचा, म्हणजे कावेचा थर देत. तो ओला आहे तोवरच चितारी अणकुचीदार हत्याराने नको तेवढी काव खरवडून काढी, आणि खालच्या पांढऱ्यावर वेली, फुले, हत्ती, देवदेवता उमटत. खरवडलेली रेघ पुसता येत नाही. चूक सुधारता येत नाही. मोरजीच्या मोरजाईच्या आणि पार्से येथील भगवतीच्या देवळांतील काविकामाचा उल्लेख अभ्यासक आवर्जून करतात. तीही पेडण्यातलीच गावे.

हे चित्र फळीवरचे नव्हे, कागदावरचेही नव्हे. ते भिंतीचाच एक भाग आहे. भिंत पडली की चित्र गेले. त्यामुळे कोणतेही संग्रहालय त्याला आश्रय देऊ शकत नाही. गावाला सुबत्ता येते, भक्तिभाव वाढतो, जीर्णोद्धाराचा संकल्प सुटतो. आणि चुन्याच्या जागी सिमेंट, कावेच्या जागी तैलरंग व गुळगुळीत फरशी येते. यात कोणाचा हेतू वाईट असतो असे नव्हे. परंतु परचक्रातून जे वाचले, ते अशा वेळी श्रद्धेच्याच हातून नाहीसे होते, हे दुःख मोठे आहे.

रोमची पोथी परत येईल की नाही, हे आपल्या हाती नाही. पेडण्या-डिचोलीतील भिंती मात्र आपल्या हाती आहेत. प्रत्येक देवस्थानाच्या महाजनांनी जीर्णोद्धाराची पहिली कुदळ मारण्यापूर्वी भिंतींची छायाचित्रे घ्यावीत, जाणकाराला एकवार बोलवावे आणि गावातील वृद्धांना विचारावे की, हे काम कोणत्या घराण्याने केले? एखादे नाव मिळाले तर ते दगडावर कोरून ठेवावे. देणगीदारांची नावे आपण कोरतोच. त्यांच्या शेजारी एका चिताऱ्याच्या नावाला जागा खासच होईल.