कामगारांचे पर्यावरणपूरक वर्तन (तारापूर औद्योगिक क्षेत्र)

कामावर असताना पाणी, वीज व कच्चा माल वाचवणे, सांडपाणी आणि घातक कचरा नियमाने हाताळणे, सहकाऱ्यांनाही त्याकडे वळवणे अशा कृतींना पर्यावरणपूरक वर्तन म्हणतात. ओनेस व डिल्चर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये या कृतींचे पाच गट पाडले. त्यांतला ‘हानी टाळणे’ हा गट बोईसरलगतच्या तारापूरच्या रासायनिक वसाहतीत सर्वांत मोलाचा ठरतो.

औषधे, रंग, रसायने, कापड व पोलाद यांचे कारखाने असलेले तारापूर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात ९३.६९ गुणांसह देशातले सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये शंभराहून अधिक कारखान्यांना प्रदूषणाबद्दल भरपाई भरण्याचा आदेश दिला. नवापूर, दांडी, मुरबे या बंदरपट्टीतल्या गावांचे पोट खाडी-समुद्रावर चालते. या गावांतल्या कामगाराला पर्यावरणाची आस्था वेगळी शिकवावी लागत नाही. नासते ती त्याच्याच गावाची खाडी.

मग अडते कुठे? मानसशास्त्रज्ञ आयझेन यांच्या १९९१ च्या मांडणीनुसार कृतीचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो : स्वतःचे मत, भोवतालच्यांची अपेक्षा आणि ‘हे माझ्या हातात आहे’ हा विश्वास. तारापुरात तिसरी गोष्ट निर्णायक आहे. रात्रपाळीत सांडपाण्याची टाकी काठोकाठ येते, पीएचची पट्टी बुडवताच लाल होते म्हणजे पाणी आम्लधर्मी असते, ते उदासीन करणारा चुना संपलेला असतो आणि प्लांटमधून पाणी येतच राहते. अशा वेळी ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया संयंत्राच्या) ऑपरेटरला बॅच थांबवायला सांगता आले पाहिजे. तो कंत्राटी असेल आणि सुपरवायझरचे सारे लक्ष उत्पादनाच्या आकड्यावर असेल, तर त्याची आस्था व्हॉल्व्हपर्यंत पोहोचत नाही. ५ जूनच्या पर्यावरण दिनाची शपथ आणि रोपवाटप तिथे अपुरी पडतात. नोकरीची शाश्वती, लॉगबुकात खरे आकडे लिहिण्याची मुभा, वरिष्ठांचे स्वतःचे वागणे आणि उत्पादनाइतकेच सांडपाण्याच्या नमुन्यांनाही बोनसमध्ये वजन, या गोष्टी खऱ्या उपयोगाच्या.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ च्या कलम १९ नुसार ६० दिवसांची नोटीस देऊन कोणीही न्यायालयात तक्रार करू शकतो. कामगारालाही ही वाट खुली आहे. पण तक्रारीनंतर त्याचा गेटपास टिकेल याची हमी हे कलम देत नाही.