ओल आणि स्प्रे फोम : उपयोग व मर्यादा

पावसाळा मध्यावर आला की गोव्यातील बहुतेक घरांत ओलीच्या खुणा उमटू लागतात. भिंतींचे पोपडे सुटतात, कपाटातील कपड्यांना कुबट वास येतो आणि छताच्या कोपऱ्यांत काळी बुरशी धरते. यावर उपाय म्हणून स्प्रे फोमचे नाव घेतले जाते. हा फोम एका प्रकारची ओल उत्तम रीतीने रोखतो. परंतु चुकीच्या जागी मारल्यास तो ओल आतच कोंडून ठेवतो. म्हणून फोमचा विचार करण्यापूर्वी ओल कोठून येते, हे ठरवणे अगत्याचे आहे.

फोमचे दोन प्रकार

स्प्रे फोम हे पॉलियुरेथेनचे एक रूप होय. पॉलियुरेथेनचा शोध ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत लावला. आयसोसायनेट आणि पॉलिऑल ही द्रव रसायने फवारणीच्या बंदुकीत एकत्र येतात, पृष्ठभागावर पडताच काही सेकंदांत फुगतात आणि तेथेच घट्ट चिकटतात. खुल्या पेशींचा फोम मऊ असतो. त्याचे वजन घनमीटरला सुमारे ८ किलो असून तो हवा अडवतो, मात्र बाष्प व पाणी त्यातून जाऊ शकते. बंद पेशींचा फोम कठीण असून त्याचे वजन घनमीटरला साधारण ३२ किलो भरते. त्याचा ५० मिलिमीटरचा थर हवेबरोबरच बाष्पही बहुतांशी अडवतो.

ओलीच्या चार वाटा

तडे व फुटक्या कौलांतून पावसाचे पाणी झिरपते. जमिनीतील पाणी सच्छिद्र भिंतींतून वर चढते. स्वयंपाक, आंघोळ आणि घरात वाळत घातलेले कपडे यांतून बाष्प साचते. चौथी वाट म्हणजे दमट हवा थंड पृष्ठभागाला लागून तेथे दव धरणे. हवेचे तापमान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २७ अंश येतो. त्याहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी सुटते. फोमचा खरा उपयोग आहे तो या चौथ्या वाटेवर.

उपयोग कोठे?

पत्र्याचे छप्पर रात्री झपाट्याने थंड होते आणि त्याच्या खालच्या बाजूस दव धरून थेंब मालावर पडतात. अशा गोदामात बंद पेशींचा फोम पत्र्याला आतून चिकटवल्यास दमट हवा थंड पत्र्यापर्यंत पोहोचत नाही. वातानुकूलित खोलीवरील स्लॅबला मात्र फोम वरून मारणे योग्य. थंड देशांत बाष्प घरातून बाहेर जाऊ पाहते, म्हणून तेथे बाष्परोधक थर आतल्या बाजूस असतो. आपल्याकडील दमट हवामानात बाष्पाचा ओघ बाहेरून थंड खोलीकडे असतो. परदेशातील पद्धत जशीच्या तशी उचलू नये, ती याचसाठी.

धोका कोठे?

जुन्या घरांच्या चिऱ्यांच्या भिंती ओल शोषतात आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू बाहेर टाकतात. अशी भिंत फोमने बंद केल्यास जमिनीतील ओल थांबत नाही, तर आणखी वर चढते. मंगळुरी कौलांखाली फोम मारणे त्याहून घातक ठरू शकते. कौले फोमला चिकटतात, त्यामुळे फुटलेले एखादे कौल बदलणेही कठीण होते. गळती दिसत नाही, वासे व रिपा आतल्या आत कुजतात आणि फोम पोखरणारी वाळवी नजरेआड राहते. ब्रिटनमध्ये छपराखाली आतून फोम मारलेल्या घरांवर कर्ज देण्यास अनेक वित्तसंस्था राजी नसतात, कारण लाकडाची तपासणीच करता येत नाही.

घ्यावयाची दक्षता

फवारणी कोरड्या पृष्ठभागावरच करावी लागते, त्यामुळे भर पावसाळा हा तिचा काळ नव्हे. आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. कामगारांना श्वसनसंरक्षक साधने असावीत आणि घरातील माणसांनी उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीपर्यंत, सहसा २४ तास, बाहेर राहावे. फोम ज्वलनशील असल्याने आतील बाजूस जिप्समसारखे आच्छादन द्यावे. उन्हाने तो झिजतो, म्हणून गच्चीवरील थराला संरक्षक लेप हवा. हवाबंद झालेल्या घरात बाष्प बाहेर टाकणारा पंखाही आवश्यक ठरतो.

घरच्या घरी चाचणी

ओलसर भिंतीचा एक भाग पुसून कोरडा करावा आणि त्यावर प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा. एक-दोन दिवसांनी तुकड्याच्या मागे पाणी दिसले, तर ओल भिंतीतून येत आहे. तेथे आधी गळती, पन्हळ आणि पाण्याचा निचरा पाहावा. पाणी समोरच्या बाजूस असेल, तर ओल हवेतील आहे. तेथे आधी वायुवीजन सुधारावे आणि त्यानंतरही दव धरत असेल, तर फोमचा विचार करावा.