'तांबडी चामडी'चा ठेका : दोघांचं मराठी गाणं परदेशी कंपनीपर्यंत कसं गेलं?

लवळे (ता. मुळशी) : डीजेवर वाजणारं गाणं म्हटलं की हिंदी किंवा इंग्रजी, असा समज होता. २०२४ मध्ये 'तांबडी चामडी'ने तो मोडला. क्रेटेक्स म्हणजे कृणाल घोरपडे आणि श्रेयस सागवेकर या दोघांचं हे गाणं. मागे सिनेमा नाही, हिरो-हिरोईन नाही. तरी नेदरलँड्सच्या 'स्पिनिन रेकॉर्ड्स' या डान्स संगीताच्या नावाजलेल्या कंपनीने ते बाजारात आणलं आणि लग्नाच्या वरातीपर्यंत ते पोचलं.

एम-हाऊस म्हणजे काय?
हाऊस हा प्रकार १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या शिकागोत सुरू झाला. मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके, प्रत्येक मात्रेला एकसारखा दणका. त्यावर मराठी शब्द आणि मराठी बाज बसवला की झालं एम-हाऊस, म्हणजे मराठी हाऊस. ढोल-ताशा, हलगीवर वाढलेल्या पायांना हा ठेका परका वाटत नाही.

लवळ्याला हे संगीत नवं नाही. २००७ मध्ये गोव्यात सुरू झालेला सनबर्न महोत्सव २०१६ला पुण्याजवळ केसनंदला आला, २०१७ला लवळ्याच्या ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टवर. तेव्हा आपली माणसं ऐकणारी होती. आता गाणं बनवणारीही होऊ शकतात. लॅपटॉप, सॉफ्टवेअर, हेडफोन आणि माईक एवढ्यावर सुरुवात होते. गाणं ॲपवर चढवून देणाऱ्या वितरक कंपन्याही आहेत.

हक्क कुणाचा?
खरी मेख इथंच आहे. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात : एक शब्द आणि चालीचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं टिकतो. २०१२च्या कायदा दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा कंपनीला कायमचा लिहून देता येत नाही. त्यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करायचं काम मुंबईची आयपीआरएस ही संस्था करते.

हलगीवाला, संबळवाला, गाणारी बाई यांनाही कलाकार म्हणून हक्क आहे. धंद्यासाठी त्यांचं वादन-गायन रेकॉर्ड करायचं तर त्यांची संमती लागते. ते दोन-तीनशे रुपये हातावर टेकवून मिटवायचं काम नव्हे. नाव, मोबदला आणि वापर कागदावर लिहून घ्यावा.

जात्यावरच्या ओव्या परंपरेच्या, त्यावर एकाची मालकी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मुळशीसह गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या जमवल्या. पण कुणी रेकॉर्ड केलेली ओवी मोबाईलवरून उचलून त्याखाली ठेका टाकला, तर त्या रेकॉर्डिंगची परवानगी घ्यावीच लागते.

थोडक्यात, ठेका कुठूनही घ्या, पण सही करण्याआधी कागद पूर्ण वाचा.