वेळच मिळत नाही!

परवा मामाचा फोन आला. "काय गं, कादंबरी कुठवर आली?" मी ठरलेलं उत्तर दिलं, "अरे, वेळच मिळत नाही." खरं सांगायचं तर चार वर्षांत सात प्रकरणं झाली आणि आठवं दीड वर्ष अडलंय. वर्षभराच्या बिनपगारी रजेचा अर्ज मात्र लिहून तयार आहे. तेवढंच एक लेखन पूर्ण झालंय म्हणा ना!

त्याच आठवड्यात पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात गेले होते. जवळच आनंदाश्रम आहे. जाता जाता हरिभाऊंची आठवण झाली. हरिभाऊ म्हणजे ह. ना. आपटे. जन्म १८६४चा. कॉलेजात गेले, पण पदवी काही मिळाली नाही. काकांनी, महादेव चिमणाजी आपट्यांनी, १८८८ साली आनंदाश्रम काढला आणि तिथली व्यवस्था हरिभाऊंकडे आली. संस्कृत पोथ्या जमवायच्या, ग्रंथ छापायचे, हिशेब पाहायचे. म्हणजे नोकरीच की. शिवाय नगरपालिकेचं काम.

आणि १८९० साली त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं. 'पण लक्षात कोण घेतो' त्यात क्रमशः आली, पुढे 'उषःकाल'ही. सुचेल तेव्हा लिहू, ही चैनच नाही. अंक निघणार म्हणजे प्रकरण हवं. या धबडग्याची किंमतही त्यांनी मोजली. कादंबऱ्यांत पाल्हाळ आला, काही तर अपुऱ्याच राहिल्या. पण यमूची गोष्ट पूर्ण झाली, हे केवढं मोठं!

हे सगळं मनात घोळवत घरी आले आणि कुकर लावताना वाटलं, हरिभाऊंना कुणी कुकर लावायला सांगितला असेल का?

मग आठवल्या काशीबाई कानिटकर. हरिभाऊंच्या स्नेही, त्यांच्याहून थोड्या मोठ्या. वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, घरच्यांच्या नजरा चुकवत. त्यांना कसली आलीय रजा? तरीही १८८९ साली त्यांनी लिहिलेलं डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र प्रसिद्ध झालं आणि 'रंगराव' ही कादंबरी १९०३ साली पुस्तकरूपात आली. दोघांचा पत्रव्यवहारही होता. लिहिणाऱ्या बाईला "पुढे काय लिहिलंत?" असं विचारणारं कुणीतरी होतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

रजा घेतली असती तर काय झालं असतं, याचा प्रामाणिकपणे विचार केला. पहिले दोन महिने कपाटं आवरण्यात गेले असते. माझं अडलंय ते वेळेमुळे नाही. आठव्या प्रकरणात नायिकेची आई मरते, आणि ते लिहायला मी घाबरतेय. माझी आई जाऊन आता दोन वर्षं होतील. मामाला हे ठाऊक असावं. म्हणूनच तो दर महिन्याला फोन करून विचारतो. त्याची ती बहीणच होती ना.

अर्ज फाडून टाकलाय. आणि मामा, तू हे वाचशीलच म्हणून इथेच सांगते. पुढच्या महिन्यापासून पहिल्या रविवारी तुला एक प्रकरण मिळेल. वाईट असलं तरी मिळेल. नाही मिळालं तर फोन कर आणि चांगला ओरड.

असो. कुकरची तिसरी शिट्टी झाली. उठते.