अस्तर

लोणावळ्याहून आमच्या शाळेची सहल घेऊन मी बेडशाच्या लेण्यांवर गेलो होतो. चारशेच्या आसपास पायऱ्या चढून वर पोचताच मुले ओसरीच्या खांबांवरील घोडे, हत्ती आणि बैल यांत रमली. एका मुलीने मात्र विचारले, “गुरुजी, इथं अजिंठ्यासारखी चित्रं का नाहीत?”

होती, म्हणूनच उत्तर देणे जड गेले. एकोणिसाव्या शतकात येथील चैत्यगृहात रंगांच्या खुणा दिसत असत. पुढे साहेबलोक लेणे पाहावयास येतात म्हणून स्थानिक अंमलदारांनी ते साफसूफ करविले, आणि त्या सफाईत उरलासुरला गिलावाही गेला. मला चित्रांइतकीच हळहळ वाटते ती ह्या गिलाव्याची. चित्र डोळ्यांना दिसते. त्याला धरून ठेवणारे अस्तर कोणी पाहतच नाही.

अजिंठ्याला ते पाहावयास मिळते. खडबडीत कातळावर आधी चिकणमाती, दगडाची पूड, भाताचा कोंडा आणि गवताचे तंतू कालवून केलेला लेप. त्यावर चुन्याचा अगदी पातळ हात. आणि तो वाळल्यावर सरसात खललेले रंग. युरोपातील भित्तिचित्रांप्रमाणे ओल्या चुन्यावर केलेले हे काम नव्हे.

लाकडी फळीवर असे अस्तर करून पाहावे, अशी हुक्की मला सहलीनंतर आली. इटलीतला चित्रकार चेन्निनो चेन्निनी याने १४०० च्या सुमारास ही रीत लिहून ठेवली आहे. वरच्या थरासाठी तो जिप्समची पूड महिनाभर पाण्यात ठेवून रोज ढवळावयास सांगतो. एवढा धीर मास्तराला कोठला! मी खडूची पूड वस्त्रगाळ केली. सरस रात्री भिजत घातला आणि सकाळी पाण्याच्या पातेल्यात भांडे ठेवून विरघळविला. उकळी येऊ द्यायची नाही. आली की त्याचा चिकटपणा मरतो. सरस कमी पडला तर लेप बोटाला भुकटीसारखा लागतो, जास्त झाला तर तडकतो. मी अर्थात जास्तच घातला.

श्रावणात फळी पन्हळीसारखी वाकली, लेपाला भेगा पडल्या, वर बुरशी आली. कार्ल्याच्या चैत्यातील लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे ह्याच पावसाला पुरून उरल्या आहेत! आमचा सुतार फळी उलटीपालटी करून म्हणाला, “गुरुजी, फळीला पाठबी असती.” मी लेप एकाच अंगाला दिला होता.

सावंतवाडीच्या चिताऱ्यांना हे शिकवावे लागले नसते. तेथे पाऊस आमच्याहून काही कमी नाही. गंजिफाचे पान करताना ते कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवीत, त्यावर खडूचे अस्तर देऊन गुळगुळीत दगडाने घोटीत, आणि रंगकामानंतर वरून लाखेचा हात फिरवीत. म्हणजे ओल आत शिरायची नाही. मागे पडलेली ही कला शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी पुन्हा उभी केली.

दुसऱ्या फळीला मी दोन्ही अंगांनी आठ-आठ पातळ हात दिले. दिवाळी आली, अजून तडा नाही. तिच्यावर बेडशाचे घोडे काढावेत असे बहुतेक मुलांचे म्हणणे. त्या मुलीला मात्र आतले रंगविलेले खांबच हवे आहेत, आणि त्यांचा रंग कोणता होता, हे ती मला रोज विचारते.