गोळीचा व्यास

लोहाऱ्याला आजोबांकडे पीकरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, ज्वारीत शिरणाऱ्या रानडुकरांसाठी. शिसं वितळवून साच्यात ओतलेली गोळी ते आधी नळीच्या तोंडाशी धरून बघत. ती नळीहून किंचित बारीकच हवी. उरलेली फट चिंधी भरून काढी.

जुनं माप वजनाचं. एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढी जाड तेवढी बारा बोरची नळी, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर.

१८५७ म्हटलं की आपल्याला काडतुसाची चरबी आठवते. त्याच एन्फील्ड रायफलीच्या गोळीचा व्यास मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. नळी ०.५७७ इंच, गोळी ०.५६८. इथल्या उन्हाळ्यात नळीत जळक्या दारूची काजळी धरे आणि गोळी मध्येच अडके. शेवटी ती ०.५५ इंचांवर आणली. बूड पोकळ असल्याने दारूच्या दाबाने ती फुगून नळीतल्या आट्यांना घट्ट बसे.

पितळी काडतूस आलं नि हिशेब उलटला. आता गोळी मागून भरायची, म्हणून शिशाची गोळी आट्यांच्या तळाइतकी किंवा केसभर जाड लागते. नावावर मात्र विसंबू नये. ‘पॉइंट थर्टी-एट’ रिव्हॉल्व्हरची गोळी असते ०.३५८ इंचाची, नाव त्या काळचं, जेव्हा गोळी काडतुसाच्या पुंगळीइतकीच जाड असे. नऊ मिलिमीटर पिस्तुलाची ०.३५५. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. त्याला मायक्रोमीटरच लागतो.